एमटीबीचीच रोड बाइक करावी, की रोड बाइकच घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसला घर, रत्नागिरीत नोकरी, आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने ये-जा. सायकल पाच वर्षांची, 26 इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. पुढे शॉकअप, 21 गीअर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. रविवारी रत्नागिरीच्या ग्रुपबरोबर आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना मागे पडायला होतं. येत्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी, करायची आहे आणि जमेल तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्याने गोवा. हाताशी 45 हजार रुपये. एक दुकानदार म्हणतो, हिलाच पातळ चाकं, रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल आणि मोठं चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चाक) लावून देतो, पंचवीस हजारांत काम होईल. मित्र म्हणतात, विकून टाक आणि रोड बाइक घे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आहे त्या सायकलीचे टायर बदला, बसण्याची मापं नीट लावून घ्या आणि त्यापलीकडे तिच्यावर खर्च करू नका. पंचवीस हजारांचं रूपांतर तर अजिबात नको. उरलेले पैसे रोड बाइकसाठी राखून ठेवा. ती घेताना मात्र वजनाच्या आकड्याला भुलू नका. टायरला किती जागा आहे आणि सगळ्यात हलका गीअर किती हलका आहे, या दोन गोष्टी धरून बसा. आणि एमटीबी विकू नका. विकून फार पैसे येणार नाहीत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच उपयोगी पडेल.

आता हे असं का, ते सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा हे बघा की रविवारी तुम्ही नेमके कुठे मागे पडता. काळबादेवीकडच्या सपाटीला, आरेच्या चढाला, की उतारावर? बहुतेक जण याचं उत्तर न देताच खरेदीला निघतात. तिन्ही ठिकाणी मागे पडण्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

चढाचं आधी घेऊ, कारण सायकल जड आहे म्हणून चढाला दम लागतो असं सगळ्यांना वाटतं. तुमचं वजन 70 किलो आणि सायकल 15 किलो धरली तर एकूण 85 किलो वर न्यायचे आहेत. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी आठ किलोमीटरने जायला केवळ उंची गाठण्यासाठी साधारण 150 वॉट लागतात. सायकल पाच किलोंनी हलकी केली तर त्यातले नऊएक वॉट वाचतील, म्हणजे सहा टक्के. दहा मिनिटांच्या चढावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक. हा फरक खरा आहे, पण ग्रुप तुम्हाला शंभर-दीडशे मीटर मागे टाकतो त्याचं सगळं कारण तो नाही. तिथे पाय आणि श्वास कमी पडतोय, आणि शॉकअप मोकळा असेल तर तुमच्या जोरातला काही भाग तोही खातोय. उभं राहून पायडल मारताना पुढचं चाक खालीवर डोलताना दिसतं ना, तो तुमचाच जोर आहे. लॉकआउट, म्हणजे शॉकअप बंद करायचा खटका, असेल तर चढावर तो लावा. नसेल तर प्रीलोडची, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग कडक करणारी, खुंटी पूर्ण आवळा आणि बसूनच चढा.

सपाटीचं गणित मात्र एमटीबीच्या पूर्ण विरोधात जातं. खाचाखाचांचा दोन इंची टायर डांबरावर चालवायचा म्हणजे रबराच्या त्या गुठळ्या प्रत्येक फेऱ्यात वाकवत राहायच्या. ताशी 25 किलोमीटरला असा टायर आणि चांगला गुळगुळीत टायर यांच्यात 30 ते 40 वॉटचा फरक सहज पडतो. आपल्यासारखा नियमित चालवणारा माणूस तासभर सलग 130-150 वॉट देऊ शकतो, हे लक्षात घेतलं की हा वाटा केवढा आहे ते कळेल. दुसरा वाटा वाऱ्याचा. रुंद हँडलवर छाती उघडी टाकून बसल्यामुळे त्याच 25 च्या वेगाला रोड बाइकवाल्यापेक्षा तुम्हाला आणखी 25-30 वॉट मोजावे लागतात, आणि वेग 30 वर गेला की हा फरक पन्नासच्या आसपास पोचतो. वाऱ्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी 22 ला ग्रुपमध्ये निवांत असणारा माणूस 28 ला अचानक तुटतो.

आता यातला टायरचा वाटा दोन-तीन हजारांत सुटतो. वाऱ्याचा वाटा एमटीबीवर पूर्ण सुटत नाही. माझ्या सगळ्या उत्तराचा कणा हाच आहे.

उताराबद्दल लोक म्हणतात की टॉप गीअर कमी पडतो, पाय मोकळे फिरतात. तुमच्या सायकलीला पुढे 42 आणि मागे 14 दाते असावेत, या प्रकारात तेच जास्त दिसतात. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी 29-30 किलोमीटर, 90 मारल्या तर 33. रोड बाइकच्या 50×11 वर (पुढे 50, मागे 11 दाते) त्याच 90 फेऱ्यांना पन्नाशी ओलांडते. कागदावर हा फरक प्रचंड दिसतो. पण आपले उतार आठवा. सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून, खाडीकडे उतरणारा रस्ता म्हणजे वळण, पुढे आंधळं वळण, मध्येच गुरं, समोरून येणारी एसटी, आणि कडेला जांभ्याची रेव. तिथे हात ब्रेकवर असतात, पाय फिरवायची वेळच येत नाही. गोळपच्या उतारावर पायडल मारायला जागाच कुठे आहे? मोठ्या चेनव्हीलसाठी दिलेला पैसा किनाऱ्याच्या रस्त्यावर वर्षातून तासभरही वसूल होत नाही.

टायर कोणते घ्यायचे ते सांगतो. 26×1.5, म्हणजे दीड इंच रुंद, गुळगुळीत किंवा फक्त बारीक रेघा असलेले, आत पंक्चर रोखणारी पट्टी असलेले. रस्ता फारच उखडलेला असेल तर 1.75. याहून बारीक, म्हणजे 1.25 वगैरे, घेऊ नका. तुमची रिम रुंद आहे आणि पावसानंतरचे खड्डे तेवढ्या टायरला झेपत नाहीत. खड्ड्याच्या काठावर आपटलं की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिरडते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची सवय सोडा. 70 किलोच्या माणसाला 1.5 च्या टायरमध्ये मागे 50-55 आणि पुढे 45-50 पीएसआय पुरते. त्याहून कडक केला की टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो. हाताला मुंग्या येतात, आणि वेग वाढत नाही तो नाहीच.

टायर बदलल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सायकल साधारण एक-सव्वा सेंटिमीटर खाली बसते, त्यामुळे वळणावर आतल्या बाजूचं पायडल खाली ठेवून फिरवलं तर ते रस्त्याला घासू शकतं. आणि सायकलला मीटर असेल तर त्यात चाकाचा घेर नव्याने भरा, नाहीतर तो अंतर तीनेक टक्के जास्त दाखवत राहील.

गुळगुळीत टायर पावसात घसरतील ही भीती जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो. ती डांबरापुरती तरी निराधार आहे. मोटारीचा टायर रुंद, सपाट आणि कमी हवेचा असतो. तो पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर, हवा त्याहून जास्त. आपण ज्या वेगाने जातो त्या वेगाला त्याच्याखाली पाण्याचा थर टिकतच नाही. ओल्या डांबरावर पकड देतं ते रबर, आणि गुळगुळीत टायरचं जास्त रबर रस्त्याला टेकतं. घसरायला होतं ते वेगळ्या ठिकाणी: झाडांच्या सावलीत रस्त्याच्या कडेने धरलेलं शेवाळ, पांढरे पट्टे, साकवावरचा चिखल, चिरेखाणीतून आलेल्या ट्रकांनी रस्ताभर पसरलेला लाल रबडा, आणि फेरीबोटीचा लोखंडी पत्रा. या जागी खाचांचा टायरही तितकाच घसरतो. तिथे सायकल सरळ ठेवायची, ब्रेक आधी लावून घ्यायचा, वळण नंतर घ्यायचं. जेटीच्या उतारावर तर ओहोटीला शेवाळ उघडं पडलेलं असतं. तिथे उतरून, सायकल हातात धरूनच चाला.

बसण्याच्या मापांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघा बरोबर तेवढाच वाकलेला राहतो जेवढा हवा. आपल्याकडे दहातल्या सात सायकलींची सीट खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकवायची सवय. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या. हँडल 70 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं कापून 60 वर आणा. स्टेमखालच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या आखूड दांड्याखालच्या, रिंगांपैकी एकदोन वर टाकून हँडल थोडं खाली घ्या. टोकांना बार-एंडची छोटी शिंगं लावा, हात बदलायला दुसरी जागा मिळते. लांब पल्ल्याला हे फार सुखाचं असतं. या सगळ्याला हजार-बाराशेच्या वर खर्च नाही आणि वाऱ्याच्या हिशेबातलाही थोडा भाग यात वसूल होतो.

हे करायला सीटचा दांडा वरखाली करावा लागेल, आणि पाच वर्षांत तो कधी हलवला नसेल तर तो जाम झालेला असण्याची दाट शक्यता आहे. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि फ्रेमची नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि दोघांना घट्ट पकडते. फ्रेम लोखंडाची असेल तर आणखी लवकर. माझ्याकडे अशी सायकल आली की आधी क्लॅम्प पूर्ण सोडून सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाकतो, रात्रभर ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतो. मग सीट न काढता, तिलाच दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे पिळतो. वर ओढायचं नाही, पिळायचं. एकदा केसभर हलला की पुढचं काम सोपं. बाहेर आल्यावर नळी आतून पुसून ग्रीस लावायचं. हेच पायडलच्या आट्यांना आणि स्टेमच्या बोल्टांना. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून जोर लावू नका. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पावसाळा संपला की दरवर्षी हे एवढं करावं. मग ती सायकल एमटीबी असो की रोडची.

आता त्या पंचवीस हजारांच्या रूपांतराकडे येतो. दुकानदार सांगतो ते करता येत नाही असं नाही. डिस्क ब्रेक असल्यामुळे 26 इंची फ्रेममध्ये 700सी, म्हणजे रोड बाइकच्या मापाची, चाकं बसतातही. अडचण पुढे सुरू होते. एमटीबीची फ्रेम सरळ हँडलसाठी काढलेली, म्हणून लांब असते. तिला खाली वळलेलं रोडचं हँडल लावलं की हात ठेवायची जागा आणखी आठ-दहा सेंटिमीटर पुढे जाते. मग स्टेम अगदी आखूड घ्यावा लागतो, तरी माणूस ताणलेलाच राहतो आणि मान-खांदे धरतात.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. एमटीबीचा ब्रेक लिव्हर केबल जास्त ओढतो, रोडचा कमी ओढतो. मेकॅनिकल डिस्कचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा भाग, यातल्या कोणत्या तरी एका ओढीसाठी बनवलेला असतो. रोडच्या लिव्हरला एमटीबीचा कॅलिपर जोडला की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. दुकानाच्या दारात दोन फेऱ्या मारताना हे कळणार नाही. आरेच्या उतारावर कळेल. म्हणजे कॅलिपरही बदलायचे. गीअरचंही तसंच: मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) 7, 8, 9 स्पीडमध्ये रोडच्या शिफ्टरशी (गीअर बदलायच्या खटक्याशी) जुळतो, पण पुढच्याची ओढ वेगळी, आणि तीन चेनव्हीलसाठीचे रोडचे शिफ्टर आता शोधावे लागतात. मोठं चेनव्हील लावायला गेलं तर ते फ्रेमच्या मागच्या नळीला घासण्याची शक्यता, कारण रुंद टायरसाठी ती नळी बाहेर फाकवलेली असते. एकेक करत यादी वाढते, आणि पंचवीसचे तीस कधी होतात कळत नाही.

एवढं करून हातात काय येतं? 13-14 किलोची सायकल, जिचे नवे भाग पुढच्या सायकलीला लागणार नाहीत. तुमच्या मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी 135 मिलिमीटर. आजच्या डिस्कवाल्या रोड बाइकला बहुधा 142 मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल असतो, रिम ब्रेकवालीला 130. चाकं इकडून तिकडे जात नाहीत. सात स्पीडचे शिफ्टर आठ स्पीडला चालत नाहीत. आणि अशी सायकल विकायला काढली तर घेणारा मूळ सायकलीचीही किंमत देत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. उद्या परत पहिल्यासारखं करता येईल, किंवा झिजल्यावर तसंही बदलावंच लागलं असतं, एवढाच बदल जुन्या सायकलीवर करावा. टायर त्यात बसतात. हँडल-शिफ्टरला हात घातला की आपण हप्त्याहप्त्याने नवी सायकल विकत घेत असतो, आणि तीही मनासारखी नाही.

एक अपवाद आहे. शॉकअपच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके पडले असतील, सील फाटून तो अडकत असेल, तर दुरुस्तीत पैसे न घालवता साधा, विनाशॉकचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसवा. असे शॉकअप सहज अडीच किलोंचे असतात, साधा फोर्क त्याहून किलो-दीड किलोने हलका. मात्र फोर्कची उंची, म्हणजे वरच्या बैठकीपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर, जुन्यावर माणूस बसलेला असताना जेवढं असतं तेवढंच हवं. आखूड फोर्क टाकला तर सायकलचं पुढचं तोंड खाली जातं आणि उतारावर ती अस्थिर होते. डिस्क ब्रेक बसवायचा कान असलेलाच घ्या.

पैसे घालण्याआधी चेनही मोजा. साधी फूटपट्टी लागते, इंचांची. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 12 च्या पुढे 1/16 इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. 1/8 गेली असेल तर नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर (मागच्या दातेरी चकत्यांवर) उड्या मारणार, दोन्ही बरोबर बदला. आपल्याकडे चेन वाढते ती मुख्यतः त्या लाल रबड्यामुळे. तेलात मिसळलेली जांभ्याची बारीक पूड पॉलिश पेपरचं काम करते. पावसात चालवून आलात की साध्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब चेनचं तेल सोडा आणि वरून जास्तीचं पुसून टाका. खोबरेल किंवा घरातलं कुठलंही खाण्याचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरून बसतं. नुसतं डिझेल मारून सोडू नका, त्याने आतलं तेल निघून जातं आणि खाऱ्या हवेत चेन सकाळपर्यंत तांबूस झालेली दिसते.

रोड बाइकचं आता बोलू. तुमच्याकडे टायर-मापांचा खर्च वजा जाता चाळीसेक हजार राहतील. त्यात साधारणपणे अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, 2×8 गीअर (पुढे दोन, मागे आठ चकत्या), दहा-अकरा किलोंची सायकल मिळते. पंप, दिवे, दोन ट्यूब, मडगार्ड यांना त्यातलेच चार-पाच हजार बाजूला काढा.

गीअरबद्दल इथे थांबून हिशेब करण्यासारखा आहे, कारण रोड बाइक घेतलेल्यांची पहिली निराशा चढावर होते. तुमच्या एमटीबीचा सगळ्यात हलका गीअर 24×28 धरला तर पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी सहा-सव्वासहा किलोमीटर. एवढ्या हळू चढता येतं म्हणून तुम्ही आज न उतरता चढताय. रोड बाइकला पुढे 34 आणि मागे 28 असेल तर एका फेरीत अडीच मीटर जातात. म्हणजे त्याच 60 फेऱ्यांसाठी ताशी नऊच्या वर वेग धरावा लागतो. आठ-दहा टक्क्यांच्या चढावर तो धरता आला नाही की फेऱ्या चाळीसवर येतात, गुडघे बोलू लागतात आणि माणूस उतरतो. मागच्या कॅसेटमध्ये (चकत्यांच्या संचात) मोठी चकती 34 दात्यांची असेल तर हाच आकडा सव्वादोन मीटरच्या आत येतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: पुढचं लहान चेनव्हील किती दात्यांचं, मागची मोठी चकती किती दात्यांची. पुढे 34 आणि मागे 32 हे मी आपल्या भागासाठी कमीत कमी धरतो. पुढे 52 आणि 39 दात्यांची चेनव्हील असलेली जुनी सायकल कोणी स्वस्तात देत असेल तर ती देशावरच्या सपाटीला ठीक. कोकणात नको. कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाट चढायचा विचार असेल तर या बाबतीत अजिबात तडजोड करू नका.

दुसरा प्रश्न टायरच्या जागेचा. फोर्क आणि मागच्या नळ्या यांमध्ये 700×32, म्हणजे 32 मिलिमीटर रुंद टायर, बसला पाहिजे, आणि शक्यतो वर मडगार्डसुद्धा. पुष्कळ रोड बाइकमध्ये 25 किंवा 28 च्या पुढे काही जात नाही. चार महिने जिथे रस्ता उखडतो आणि पुढचे चार महिने तो दुरुस्त होण्याची वाट बघायची, तिथे 25 च्या टायरवर रोज कामाला जाणं म्हणजे रिम आणि पाठ दोन्हींची परीक्षा. 32 मध्ये 60-65 पीएसआय हवा ठेवली की सायकल मऊ चालते, वेग जवळजवळ तेवढाच राहतो आणि आरे-वाऱ्याला रस्त्यावर उडून आलेल्या वाळूतही चाक एकदम धरून बसत नाही.

ब्रेक डिस्कचे मिळाले तर उत्तम. रिम ब्रेक वाईट नसतात, पण लाल चिखलात ते रिमच घासून संपवतात. रिमच्या कडेवर बोट फिरवून बघा, बाहेरून आत खोलगट लागली तर ती झिजली आहे. सेकंडहँड घेत असाल तर हे हमखास बघा. त्याबरोबर शिफ्टर सगळ्या गीअरमध्ये टकटक बदलतो का, सीटचा दांडा आणि पायडल हलतात का, चाकांचे आरे गंजले आहेत का, तेही बघा. कार्बनची सेकंडहँड फ्रेम नवशिक्याने घेऊ नये. तडा रंगाखाली लपतो.

मापाशिवाय ऑनलाइन मागवू नका. कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला कामाने जाल तेव्हा दोन-तीन सायकलींवर प्रत्यक्ष बसून, रस्त्यावर चालवून या. मॉडेलच्या वर्णनात एन्ड्युरन्स असा शब्द असतो, त्या प्रकाराचं हँडल थोडं वर असतं. तुम्हाला तीच बघायची आहे. कंबर किंवा मान आधीच त्रास देत असेल, खाली वाकणं जमतच नसेल, तर सरळ हँडलची हायब्रिड, म्हणजे एमटीबी आणि रोड बाइक यांच्या मधली सायकल, हा रास्त पर्याय आहे. पण मग ग्रुपबरोबरची तुमची अडचण अर्धीच सुटेल.

छोटी गोष्ट, पण आपल्या भागात मोठी ठरते. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा बारीक, म्हणजे प्रेस्टा असतो. गावातल्या सायकलवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर त्यात हवा भरता येत नाही. पन्नास रुपयांचा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत ठेवा. 700सी ट्यूबही पूर्णगड किंवा आडिवऱ्याला मिळणार नाही, दोन जवळ हव्यातच. 26 इंची ट्यूब मात्र कुठल्याही बाजारपेठेत मिळते.

आता तुमच्या दोन मोठ्या बेतांविषयी. 200 किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबण्यासकट ताशी पंधराच्या जरा आत. गुळगुळीत टायरच्या एमटीबीवर चालताना सरासरी 20 राखलीत तर दहा तासांत अंतर संपतं आणि साडेतीन तास खाण्यापिण्याला, पंक्चरला उरतात. सायकल कोणती असावी यावर बंधन नाही. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट लागतं. तेव्हा बीआरएमसाठी रोड बाइक आलीच पाहिजे असं समजून घाईने खरेदी करू नका. नवी सायकल घेऊन महिन्याभरात 200 किलोमीटर करण्यापेक्षा सवयीच्या एमटीबीवर केलेले बरे. पाठ आणि बूड दोन्ही तिला ओळखतात.

गोव्याला जाताना तर मी स्वतः एमटीबीच नेईन. 1.75 चे गुळगुळीत टायर, मागे कॅरिअर, दोन पिशव्या. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी हा रस्ता दर तासाला एकदा खाडीपाशी उतरवतो आणि पुन्हा सड्यावर चढवतो. सामानासकट तिथे 24×28 चा गीअर लागतोच. ऑक्टोबरनंतर दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुतेक वायव्येचा असतो, म्हणजे दक्षिणेला जाताना तो पाठीशी राहतो. कधी उलट, उत्तरेला जायचं ठरवलंत तर जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा या फेरीबोटींच्या वेळा धरून दिवस आखा, आणि दुपारचा वारा तोंडावर घ्यायची तयारी ठेवा.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात टायर आणि मापं. या हंगामात बीआरएम आणि रविवारची फेरी त्याच सायकलीवर. रविवारी चढावर ग्रुपच्या जवळपास राहता आलं, पण सपाटीला वेग 27-28 झाला की सुटायला होतंय, असं दोन-तीन महिन्यांनंतरही दिसलं, तर रोड बाइक घ्यायची वेळ आली असं समजा. तो फरक बसण्याच्या पद्धतीचा आहे आणि तो दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. चढावरच सुटायला होत असेल तर खरेदी पुढे ढकला आणि आठवड्यातून एक दिवस ऑफिसला जाताना गोळपचा चढ उतरून पुन्हा एकदा चढा.

टायर मागवताना बाजूवर 559 हा आकडा आहे ना, तेवढं बघून घ्या, उदाहरणार्थ 40-559. 26 इंच म्हणून दुसऱ्या मापाचे टायरही बाजारात आहेत, आणि ते तुमच्या रिमवर चढणार नाहीत.